पाच काचांचा संशय

खिडकीच्या पाटावर मारलेले दोन खिळे.

लोणच्याची रिकामी बरणी. तोंडाला मलमलचं फडकं, त्याला घट्ट गाठ.

उदगीरच्या लग्नातला डबल का मीठा.

मोटारसायकल उभी करायला जागा.

शेपटीच्या जरा अलीकडे एक काळा ठिपका.

लातूरला लावलेला फोन. दोन्हीकडून कोणीच बोलत नाही.

"मादीला कुठं रंग असतो?"

मित्रांनो, हे सगळे तुकडे एकाच घरातले आहेत आणि एकाच गोष्टीतले आहेत. तुमचा विश्वास बसणार नाही. लगेच बसूही देऊ नका. मीसुद्धा कशावर लगेच विश्वास ठेवत नाही.

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मासे पाळायची. नांदेडला देगलूर नाक्याकडून आत आलं की अरुंद गल्ल्या लागतात. त्यातल्या एका घरात, बैठकीच्या खोलीत, भिंतीजवळच्या टेबलावर मी बसलेली असते. पाहुणे मला फिश टँक म्हणतात. घरची अमीरबी मला पेटी म्हणते. मला पेटीच बरं वाटतं. पेटीत काहीतरी जपून ठेवतात.

मला अमीरबीच्या नवऱ्याने, तय्यबने, बनवलं. त्याचं काच आणि फ्रेमचं दुकान आहे. लोक नवी काच बसवून घेतात आणि जुनी तिथेच सोडून जातात. दुकानाच्या मागच्या भिंतीला अशा काचा वर्षानुवर्षं टेकून उभ्या असतात. त्यांतून तय्यबने एकसारख्या जाडीच्या पाच निवडल्या, मापाने कापल्या, कडा घासल्या आणि सिलिकॉनने जोडल्या. बायको कधीपासून मासे मासे करत होती, म्हणून.

आता नीट ऐका, कारण माझ्या स्वभावाचं मूळ इथे आहे. माझ्या पाचही काचा वेगवेगळ्या घरच्या.

समोरची काच सराफाच्या दुकानातली. तिच्या पलीकडे दागिने होते आणि अलीकडे गिऱ्हाइकं. माणूस आला की ती अजून आधी त्याचे हात बघते, चेहरा नंतर.

डावी काच दवाखान्याच्या खिडकीतली. कोणी हसलं तरी तिच्या मनात येतं, याला दुखतंय कुठं?

उजवी काच एसटीडी बूथची. तिने जगभरची बोलणी ऐकली आहेत, पण प्रत्येक वेळी एकाच बाजूची.

तळाची काच कुणाच्या तरी ऑफिसातल्या टेबलावरची. कपबशा सोसून सोसून गप्प झालेली.

आणि मागची काच न्हाणीघराच्या खिडकीतली, दाणेदार, धुरकट. तिला दिसतं, पण धड काही दिसत नाही. म्हणून तिला कोणी काही विचारत नाही.

अशा पाच जणी एकमेकींना चिकटवल्या. मग माझा स्वभाव संशयी झाला, यात नवल ते काय?

*

मासे कोणते, ते आधी सांगते. गप्पी.

गप्पी म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा. नर रंगीत, लांब शेपटीचा, मिरवणारा. मादी राखाडी, पोटाने मोठी, कामात असलेली. ती अंडी घालत नाही, सरळ पोहणारी पिल्लं देते. महिन्या-दीड महिन्याला देते. आणि देऊन झाल्यावर जवळ सापडली तर खातेसुद्धा. (माझा संशयी स्वभाव तुम्हाला अजून वाईट वाटतो का?) म्हणून अमीरबी माझ्यात पाणवनस्पतीचा दाट गुंता सोडून ठेवायची. पिल्लं जन्मताच त्यात शिरायची आणि वाचायची.

माशांच्या दुकानातल्या रिजवानने तिला हैदराबादहून लाल शेपटीचे गप्पी आणून दिले होते. लाल म्हणजे कसे, तर पाण्यात कुंकवाची चिमूट सोडावी तसे. अमीरबीने त्यांची पिल्लं वाढवली, त्या पिल्लांची पिल्लं वाढवली. थोडा जरी वेगळा रंग दिसला तरी तो मासा वेगळा काढायची. रिजवान दुकानात येणाऱ्यांना सांगायचा, "असा लाल पाहिजे तर खालाकडं जा. माझ्याकडं नाही मिळायचा." हे ऐकलं की अमीरबी ओढणी सावरायची आणि माझी समोरची काच पुन्हा एकदा पुसायची. ते माझे चांगले दिवस होते. शेजारपाजारचे लोक चहा प्यायला येत आणि माझ्यासमोर बसत. त्यांचे हात मी नीट बघत असे.

मग एक उन्हाळा असा आला की पाणी दुपारी हाताला कोमट लागायचं. वीज जायची, हवेचा पंप बंद पडायचा. लाल घराण्यातल्या माद्या एकेक करून गेल्या. नर तेवढे उरले. तीन.

नर मिरवत होते, पण घराणं संपायला आलं होतं.

डावी काच:

मला खिडकी दिसते. दोन घरांच्या सामाईक भिंतीत ही खिडकी आहे. तिला गज नाहीत, लाकडी पाट आहे. पाट उघडला की पलीकडे सिंधूचं अंगण आणि अंगणात हौद. इकडून शीरखुर्म्याची वाटी जाते, तिकडून धपाटे येतात. अमीरबी आणि सिंधू दोघी या गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून आल्या तेव्हापासून ही खिडकी चालू आहे.

सिंधूच्या हौदातही गप्पी आहेत. ते हौसेचे नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं घरोघरच्या हौदांत सोडून जातात, त्यातले. नर बारके, आखूड शेपटीचे. अंगावर जरा हिरवट-नारिंगी चमक आणि शेपटीच्या अलीकडे एक काळा ठिपका. माद्या मात्र जगातल्या सगळ्या गप्पी माद्यांसारख्या. राखाडी.

त्या दिवशी अमीरबीने पाट उघडला.

"सिंधू, तुझ्या हौदातली एक मादी दे ग."

"हौदातली? अन् तुला?" सिंधू धुणं पिळत होती. "कालपर्यंत तर डासखाऊ म्हनत व्हतीस माझ्या माशायला."

"नर कुठं मागून राहिले मी? मादीच दे. मादीला कुठं रंग असतो? समद्या सारख्या. रंग बापाचा उतरतो."

"हाव. नाव बापाचं, रंग बापाचा. आपन नुस्त्या बरण्या."

"दे मग एक बरणी. चांगली मोठी बघून दे."

दोघी हसल्या. सिंधूने हौदात तांब्या बुडवला आणि एक मादी उचलली. तिचं पोट टम्म होतं. अमीरबी खूश झाली, म्हणाली, माशाअल्ला, तब्येत चांगली आहे.

मी दवाखान्यातली काच आहे. फुगलेलं पोट बघून मला काय वाटायचं ते वाटलं. पण मला तोंड नाही.

जाता जाता सिंधू म्हणाली, "लाल पिल्लं झाली का दोन मला दे. हौदात सोडते. जरा रंग येईल अंगणाला."

"तुझ्या हौदात?" अमीरबी पटकन बोलून गेली. "मिसळून जातील ग. वाया जातील."

सिंधूने धुणं बादलीत टाकलं आणि हौदावर पत्रा ओढला.

दुखलं होतं. कुठं, ते मला दिसलं.

*

पुढचं मी सगळ्या काचांच्या वतीने सांगते, कारण यावर आमचं एकमत नाही.

उदगीरला तय्यबच्या भावाकडे लग्न होतं. अमीरबी, तय्यब आणि त्यांची मुलगी मनतशा, तिघंही गेली. मनतशा फार्मसीच्या कॉलेजात शिकते. घराची किल्ली सिंधूकडे दिली. "फक्त चिमूटभर चारा घाल," असं अमीरबीने बजावलं. "जास्त घातलास तर पाणी सडतं."

सिंधू रोज यायची. झाकण उचलायची, हात आत घालायची.

सराफाची काच म्हणते, मूठ बंद होती. मुठीत काय होतं ते दिसलं नाही.

तळाची काच म्हणते, चाराच होता. माझ्यावरच येऊन पडला.

सराफाची काच म्हणते, चारा चिमटीत धरतात, मुठीत नाही.

उजवी काच म्हणते, ती काहीतरी बोलत होती, पण माशांशी बोलत होती की स्वतःशी, ते कळलं नाही.

मागच्या काचेने त्याच दिवसांत काहीतरी लाल लाल बघितलं असं ती म्हणत होती. पण धुरकट काचेचं कोण ऐकतं?

सिंधूसाठी डबल का मीठा, म्हणजे पावाचं गोड, घेऊन घरची मंडळी लग्नाहून परतली तेव्हा वनस्पतीच्या गुंत्यात बारीक बारीक पिल्लं होती आणि एक लाल नर नव्हता.

पिल्लं बघून अमीरबीला आनंद झाला. नर कुठे गेला, हे तिने विचारलं नाही. मनात मात्र ठेवलं. संशय असाच राहतो, मित्रांनो. तो तळाशी बसतो. वरून पाणी स्वच्छ दिसतं.

पिल्लं वाढली. गप्पीच्या पिल्लांना जन्मताच रंग नसतो. महिनाभराने नर पिल्लांच्या शेपट्या रंगू लागतात. अमीरबी रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायची आणि लाल रंगाची वाट बघायची.

लाल आला नाही. आखूड शेपटी आली. हिरवट चमक आली. आणि एका सकाळी, जवळजवळ सगळ्या नर पिल्लांना, शेपटीच्या जरा अलीकडे, काळा ठिपका.

कप हातातच राहिला.

"हे हौदाचे आहेत," अमीरबी म्हणाली.

"अम्मी, इथंच झाले की," मनतशा म्हणाली.

"बाप इथं लाल. तीनच नर होते, तिन्ही लाल. मग हे ठिपके कुठून आले? आभाळातून पडले? किल्ली कोणाकडं होती?"

"सिंधू मावशीकडं. पण…"

"पण काय? मी दोन पिल्लं दिली नाहीत ना. त्याचा राग. माझे काढून नेले, हौदाचे आणून टाकले. एक मोठा नर सुद्धा नेला. मी काय आंधळी आहे?"

तय्यब दाराशी चप्पल घालत होता. तो म्हणाला, "अगं, माशांसाठी कोणी असं करतं का?"

"तुम्ही काचा विका."

मग तिने खिडकीचा पाट उघडला. पलीकडे सिंधू लातूरला न्यायच्या गोधड्या उन्हात टाकत होती. तिचा मुलगा सुदर्शन लातूरला एका क्लासमध्ये शिकवतो. त्याला मुलगी झाली होती, आणि दिवाळी झाली की नातीला सांभाळायला सिंधू कायमची लातूरला जाणार होती. तिचे मालक आप्पासाहेब लोह्याकडची शेती बघत, तिथून ये-जा करणार होते. घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. म्हणजे दोघींना एका भिंतीला राहायचे थोडेच दिवस उरले होते. हे अमीरबीला माहीत होतं. तरी ती बोलली.

"सिंधू, खरं सांग. माझ्या पेटीत हौदाचे मासे टाकलेस?"

सिंधूला आधी चेष्टाच वाटली. "टाकले की. शंभर टाकले. मोजून घे."

"हसू नको. माझा एक नरसुद्धा गेला."

"गेला म्हंजे?"

"तू नेलास."

सिंधूच्या हातातली गोधडी खाली आली. "मी? तुझा मासा? अमीरबी, तुझ्या लेकीला मी अंगाखांद्यावर खेळवलं. तुझ्या घराची किल्ली माझ्या कंबरेला अस्ते. अन् मी मासा नेईन?"

"मग ठिपका कसा आला?"

"मला काय माहीत कसा आला! ठिपक्याला इचार!"

पाट बंद झाला. दुपारी अमीरबीने हातोडी आणली आणि पाटावर दोन खिळे मारले, एक वर आणि एक खाली. प्रत्येक घावाला माझं पाणी थरथरलं.

हौदातली ती मादी तिने माझ्यातून काढली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एकटी टाकली. त्यात वनस्पतीचा एक तुकडा टाकला, तोंडाला मलमल बांधली आणि स्वयंपाकघराच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. "जिची तिला परत करते," म्हणाली. पण परत करायला खिडकी उघडावी लागली असती. किंवा समोरच्या दारातून जावं लागलं असतं. ती गेली नाही. बरणी फळीवरच राहिली.

ठिपक्याची पिल्लं तिने गल्लीतल्या मुलांना देऊन टाकली.

दिवाळी झाली. सिंधू निघाली त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. सिंधू आमच्या उंबऱ्याशी आली. आत आली नाही.

"मनतशा, अम्मी कुठं हाय?"

अमीरबी स्वयंपाकघरात होती. भांडी घासलेली होती, तरी ती पुन्हा घासू लागली होती.

"काम करून राहिल्यात," मनतशा म्हणाली.

"बरं. सांग तिला, निघाले म्हनून."

सराफाच्या काचेने सिंधूचे हात बघितले. ते रिकामे होते.

मागची काच:

भिंत. आणि खाली, टेबलाच्या पायामागे, कडेला, काहीतरी लाल. मी सांगितलं होतं.

*

थंडी ओसरली. पलीकडे भाडेकरू आले. अमीरबी बरणीचं पाणी बदलायची, चिमूटभर चारा टाकायची आणि मलमल पुन्हा बांधायची. गाठ तिची स्वतःची, डबल फिरवलेली. ही गाठ घरात दुसऱ्या कोणाला बांधता येत नाही.

एका सकाळी तिने बरणी खाली उतरवली आणि जागच्या जागी बसली.

बरणीत पिल्लं होती.

मादी एकटी. फळी उंच. मलमल जागेवर. गाठ तिचीच. सिंधू लातूरला.

आता सांगा मित्रांनो, संशय कोणावर घ्यायचा?

तिने तय्यबवर घेतला.

"तुम्ही टाकलेत?"

"मी? काय टाकलं?"

"पिल्लं. वरच्या फळीला तुमचाच हात पोचतो."

"माझी मती फिरली का? गिऱ्हाइकं सोडून मी बरण्यांत पिल्लं सोडत फिरू?"

"मग कोणी टाकली?"

"तिच्याच पोटातून आली असतील की बाई!"

"नर कुठं आहे? बरणीत नर दिसतो तुम्हाला?"

तय्यबने वाकून, चष्मा लावून, बरणीत अगदी खरोखर नर शोधला. मग म्हणाला, "नाही दिसत."

अमीरबीने पिल्लं माझ्यात आणून सोडली. माझ्यातल्या दोन म्हाताऱ्या लाल नरांपैकी एक मेलाच होता, दुसराही आता तळाशी बसून असायचा. मादीला पुन्हा बरणीत एकटीला ठेवलं, पुन्हा गाठ मारली. ही तपासणी होती, असं ती म्हणाली नाही. पण तिचं वागणं सराफासारखं होतं. दिवसातून कितीदा तरी ती गाठ बघायची.

पुन्हा पिल्लं झाली. थोडी कमी, पण झाली.

तेव्हा ती बरणी ओढणीखाली धरून रिजवानच्या दुकानात गेली. तिथे काय झालं ते मी बघितलं नाही. घरी येऊन तिने मनतशाला सांगितलं ते उजव्या काचेने ऐकलं.

"रिजवान हसला. म्हणाला, खाला, एवढी वर्षं गप्पी पाळता, एवढं माहीत नाही? मादी एकदा नराजवळ राहिली की पुढं कितीतरी महिने एकटीच पिल्लं देत राहते. पोटात साठवून ठेवते म्हणे, थंडीत थांबते, ऊब आली की पुन्हा देते. लाल नराजवळ ठेवली तरी आधीचीच पिल्लं बाहेर येतात. हौदातून आणली तेव्हाच ती हौदाची पिल्लं घेऊन आली होती."

"म्हणजे सिंधू मावशीनं…"

"गप बस."

अमीरबीने बरणी टेबलावर ठेवली. बरणीतल्या मादीचं काही चुकलं नव्हतं, ती चारा शोधत होती.

"मी आजवर माद्या बाहेरून आणल्याच नाहीत," जरा वेळाने अमीरबी म्हणाली. "लाल घराण्यातल्याच होत्या समद्या. म्हणून कधी कळलं नाही. मला वाटायचं मादीत काही नसतं."

रमजानच्या आधी घर धुवायला काढलं. टेबल सरकवायचं म्हणून मला अर्धी रिकामी केली. टेबलाच्या पायामागे, भिंतीच्या कडेला, झाडू थांबला. तिथे एक वाळलेला मासा होता. कागदासारखा हलका, शेपूट अजून लाल.

माझ्या झाकणाला पंपाच्या नळीसाठी एक भोक पाडलेलं आहे. ते नळीपेक्षा मोठं आहे. गप्पी मासे उड्या मारतात.

अमीरबीने तो मासा तळहातावर घेतला. आधी नेहमीप्रमाणे म्हणाली, "हा इथं कोणी टाकला?" मग स्वतःच थांबली. वर झाकणाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. त्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

मागच्या काचेने हे केव्हाच सांगितलं होतं.

उजवी काच:

फोन मला चांगला समजतो. आधी तो वाजतो, मग कोणी 'हॅलो' म्हणतं, मग कोणीच काही म्हणत नाही. महत्त्वाच्या फोनात असंच होतं.

मनतशाने लातूरचा नंबर लावून दिला, स्पीकर चालू केला आणि लांब जाऊन उभी राहिली. म्हणून या वेळी मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

"हॅलो."

काही नाही. लातूरकडे बाळ रडत होतं.

"सिंधू. मी."

"वळखलं."

बाळ रडतच होतं.

"तुझ्या हौदातली ती मादी," अमीरबी म्हणाली. "बरणीत एकटी ठेवली होती. फळीवर. मलमल बांधून."

"मंग?"

"तिला पिल्लं झाली."

"एकटीला?"

"एकटीला. दोनदा."

बाळ थांबलं. सिंधूने त्याला उचललं असावं.

"एकटीला कशी होतील?" सिंधू म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "कुनीतरी टाकली असतील. नीट बघ. किल्ली कोनाकडं हाय सध्या?"

अमीरबीने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. हसली की काय झालं, मला सांगता येत नाही. बूथमध्येही लोकांचं असं व्हायचं आणि मी कधी खात्रीने ओळखलं नाही.

"तो लाल नरसुद्धा सापडला," ती कशीबशी म्हणाली. "टेबलामागं. उडी मारून मेला होता."

"हां. म्हंजे मी नेला न्हाई."

"न्हाई."

"बरं झालं सांगितलंस. मी घरात शोधून राहिले व्हते, कुठं ठिवला म्हनून."

"सिंधू, नको ना आता."

"का नको? तू खिळे मारलेस. मी बोलू बी नको? अमीरबी, रिक्षात बसले तवा मी मागं वळून बघितलं. तू दारात बी आली न्हाईस."

"भांडी घासून राहिले होते."

"घासलेली."

"हां. घासलेली."

फोन कोणी बंद केला नाही. बाळाचा आवाज येत होता. मग सिंधूने विचारलं, "पिल्लं कशी हायत? ठिपका हाय?"

"आहे."

"माझ्या हौदासारखा?"

अमीरबीने उत्तर द्यायला वेळ लावला. कारण हौद आता नव्हता. भाडेकरूंनी तो फोडला होता. मोटारसायकल ठेवायला जागा पाहिजे म्हणून. घणाचे आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. पाणी गल्लीतून वाहत गेलं, आणि त्यात काय काय गेलं ते कोणी बघितलं नाही.

"तुझ्या हौदाचा ठिपका आता इथंच आहे," अमीरबी म्हणाली. "दुसरीकडं कुठं नाही."

*

माझ्यातला शेवटचा लाल नर त्याच उन्हाळ्यात गेला. अमीरबीने हैदराबादहून दुसरे मागवले नाहीत. रिजवानने दोनदा विचारलं. ती म्हणाली, बघू.

आता माझ्यात राखाडी माद्या आहेत आणि आखूड शेपटीचे, काळ्या ठिपक्याचे नर आहेत. नवीन पाहुणे येतात आणि विचारतात, "हे तर नाल्यातले दिसतात. एवढ्या छान पेटीत हे का ठेवलेत?" मग अमीरबी चहा पुढे करते आणि दुसराच विषय काढते. माझी समोरची काच मात्र ती अजून रोज पुसते.

गेल्या महिन्यात आप्पासाहेब आले. लोह्याहून लातूरला निघाले होते, वाट वाकडी करून आले. हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता. सराफाच्या काचेने तो डबा लगेच बघितला आणि मला सावध केलं. संशय असा सहजासहजी जात नाही.

"वैनी, तिनं सांगितलंय," आप्पासाहेब म्हणाले, "थोडे मासे द्या म्हनून. नातीला दाखवायला. रंगाचे नकोत म्हनली. हौदाचेच पायजेत."

"डब्यात गुदमरतील भाऊजी. झाकण लावू नका." अमीरबीने स्वतःच्या हाताने मासे काढले, मोठ्या काचेच्या बरणीत घातले, वनस्पतीचा तुकडा टाकला, वर मलमल बांधली. गाठ डबल.

आप्पासाहेब गाठीकडे बघत राहिले. "ही सुटायची कशी?"

"तिला येते," अमीरबी म्हणाली. "तिनंच शिकवली आहे मला."

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. एका कोपऱ्यातून थोडं पाणी झिरपतं. तय्यब म्हणतो, एकदा रिकामी करून सिलिकॉन भरतो. म्हणतो, पण भरत नाही. माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे. पेटी पाळाल तर तिला साबण लावू नका. सगळं पाणी एकदम बदलू नका, आणि नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच घाला. मासे नको झाले तर नदीत सोडू नका, कोणाला तरी द्या. झाकणातलं भोक नळीएवढंच ठेवा. मादी राखाडी असते म्हणून ती रिकामी असते असं समजू नका. आणि मासा कमी भरला तर आधी टेबल सरकवून बघा. खिळे मारायला वेळ लागत नाही. काढताना लाकूड फाटतं. अमीरबीने आमचे खिळे उपटले, पण पाटाला ती चीर अजून आहे.

मला पहिल्यांदा भरलं त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं नव्हतं. ते पाणी सिंधूच्या हौदातलं होतं.